दुर्मीळ पक्षी

शेजारचा दुर्बीणवाला रोज सकाळी फिरताना आमच्या बायकोला पक्षी ओळखायला शिकवायला लागला, तेव्हापासून घरात दुसरा विषय नाही.

"भावजींना नुसत्या आवाजावरून कळतं! तुम्हाला तर दारातलं झाड कसलं, तेही सांगता यायचं नाही."

सगळं कौतुक तिकडे. माझा नुसता जळफळाट!

म्हटलं, याची एकदा जिरवायचीच. काल सकाळी त्यांच्या आधीच जाऊन तळ्याकाठच्या झुडपात दबा धरून बसलो. दोघं जवळ आल्यावर गळ्यातून असा काही आवाज काढला, की माझा मीच दचकलो.

दुर्बीणवाला जागच्या जागी थबकला. "शूऽऽ! वहिनी, हलू नका. फार दुर्मीळ पक्षी आहे. हजारो मैलांवरून आलाय, आपल्या भागात पहिल्यांदाच!"

हसू दाबायला मी तोंडात रुमाल कोंबला. आता टुणकन उडी मारून बाहेर यायचं, की याच्या ज्ञानाचे बारा वाजले!

तेवढ्यात बायकोचा शांत आवाज आला,



"छे हो भावजी, हा इथलाच आहे. चहा मिळाला की गप्प होतो."