मागचं दार

केबलची वायर दळवींनी सकाळीच काढून ठेवली होती. या घरचा मुलगा परदेशात अपहरण झालेल्या जहाजावर ओलीस होता आणि कंपनीनं घरच्यांसाठी दळवींना पाठवलं होतं. घरातले फोन त्यांच्या बॅगेत होते, कॅमेरे फाटकाबाहेर. "काहीही कळलं, तरी आधी मीच सांगेन," असा शब्द त्यांनी आईला दिला होता.

दुपारी नको तो फोन आला. मुलगी सासरहून पोचली की सांगू, असं दळवींनी ठरवलं. चॅनेलवाले तेवढं थांबले नाहीत.

मागच्या दारानं शेजारच्या तारामावशी आल्या. मयताच्या घरी चूल पेटवत नाहीत, त्या रीतीप्रमाणे त्यांनी पिठलं-भाकरीचं झाकलेलं ताट ओट्यावर ठेवलं.

आईनं झाकण उचललं, शेगडीवर रटरटणाऱ्या भाताकडे पाहिलं आणि गॅस बंद केला.

"दळवीसाहेब, तुम्ही सांगणार होतात ना?"