चार टेबलं जोडून

वसाहतीच्या सभागृहात चार टेबलं जोडून एक लांब टेबल केलं होतं. घरांचं खातं, पाणीखातं, आरोग्य आणि पोलीस, सगळे पहिल्यांदाच एका रांगेत बसले होते. घरांच्या खात्याचे साहेब तेवढे दाराजवळच्या नळावर बाटली भरून घेऊन घाईघाईत आले.

ती दुसऱ्या ओळीत बसली होती. शेजारी वरच्या मजल्यावरच्या मावशी आणि मावशींच्या मांडीवर तिचं बाळ.

"इतकी वर्षं एकमेकांकडे बोटं दाखवत होते," मावशी पुटपुटल्या. "आज बघ, बिस्किटं सरकवतायत."

तिला हसू आलं. बाळ खोकलं. मावशींचा हात आपसूक त्याच्या पाठीवर फिरायला लागला.

तिच्या स्वयंपाकघराची भिंत बारा महिने ओली असायची. आतला पाइप गळत होता. पाणीखातं म्हणायचं पाइप इमारतीचा, घरांचं खातं म्हणायचं पाणी त्यांचं. आज सगळे एकत्र आले होते, म्हणजे आता भिंत फोडतील, पाइप बदलतील, पोराचा खोकला थांबेल. तिला एवढंच हवं होतं.

"स्वयंपाकघरातली ओल," साहेब म्हणाले. "हा प्रश्न आम्ही सगळ्यांनी मिळून सोडवलाय."

मावशींनी तिला कोपरानं ढोसलं.

"मूळ कारण वरच्या घरात आहे," आरोग्यखात्याच्या नर्सताई उठून म्हणाल्या. "तिथल्या आजी एकट्याच असतात. नळ चालू ठेवून विसरतात. एकदा तर गॅस तसाच राहिला होता. आणि बाळ त्यांच्याच भरवशावर असतं. हे खुद्द बाळाच्या आईनंच मला सांगितलंय."

मावशींचा हात बाळाच्या पाठीवर थांबला.

बाळाचं वजन करताना नर्सताईंनी विचारलं होतं, "झोप होते का गं तुझी?" घरात तिला हे कुणीच विचारत नव्हतं, म्हणून ती बोलत सुटली होती. नळाचं हसत हसत सांगितलं, गॅसचं सांगताना मात्र तिचे डोळे भरून आले होते. "मन मोकळं कर," ताई म्हणाल्या होत्या. "हे आपल्या दोघींतच राहील."

"मीही जाऊन खात्री केली," पोलीस म्हणाला.

मावशींनी त्याच्याकडे निरखून पाहिलं. "म्हणजे विचारपूस करायला नव्हता आलास? मी वेड्यासारखा चहा पाजला तुला."

पुढचे दोघेतिघे हसले.

"आजींची वृद्धनिवासात सोय केली आहे. सोमवारी गाडी येईल," साहेब म्हणाले. "वरचं घर बंद झालं की ओलीची तक्रारच उरणार नाही."

टाळ्या वाजल्या.

"आणि पाइप?" तिनं विचारलं. टाळ्यांत कुणाला ऐकू गेलं नाही, म्हणून पुन्हा विचारलं, "पाइपचं काय?"

"ते पुढच्या टप्प्यात."

तिनं नर्सताईंकडे पाहिलं. त्या मायेनं हसल्या, तुझं काम केलं बघ, अशा.

"मावशी, मी फक्त..."

बाळानं मावशींच्या स्वेटरचं बटण मुठीत धरलं होतं. मावशींनी त्याचं एकेक बोट हलकेच सोडवलं. बाळाला उचललं आणि तिच्यापुढे धरलं.

"घ्या."

"मावशी, ऐका ना."

"घ्या, बाई, तुमचं बाळ. विसरायची मी कुठंतरी."

त्या उठल्या. खुर्च्यांच्या मधून वाट काढत दारापर्यंत गेल्या. तिच्या खांद्यावरून बाळ त्यांच्याकडे झेपावत होतं.

दाराशी नळाचं पाणी बारीक धारेनं गळत होतं. मावशी थांबल्या. नळ घट्ट बंद केला, खाली तळवा धरून पाहिला, आणि गेल्या.