समजा, सुई टोचली

"समजा, मावशींना सुई टोचली," ट्रेनिंग द्यायला आलेल्या पूर्वी मॅडम म्हणाल्या. "आता पुढे काय करायचं, ते आपण करूनच बघू."

परळच्या त्या हॉस्पिटलचा हॉल भरला होता. पुढे डॉक्टर, त्यांच्या मागे सिस्टर. सफाईच्या मावशी पार मागे भिंतीला टेकून उभ्या. मधल्या खुर्च्या रिकाम्या होत्या, पण त्यांना बसा म्हणायचं कुणाला सुचलं नव्हतं. माणूस दिसताच आपण मनात काय धरून चालतो, यावर मॅडम बराच वेळ बोलल्या होत्या. सगळ्यांनी माना डोलावल्या होत्या.

"राधाबाईंना घ्या," इन्चार्ज मेघना सिस्टर म्हणाल्या. "सुया ह्यांनाच टोचतात. कितीही सांगा, ग्लोव्हज घालायचे नाहीत."

हॉल हसला. नम्रता हसली नाही.

वॉर्डातली ती सगळ्यांत नवी नर्स. सकाळी राधाबाईंना खरोखरच सुई टोचली, तेव्हा ती शेजारी होती. कुणीतरी वापरलेली सुई कचऱ्याच्या पिशवीत टाकली होती. नम्रताने त्यांचं बोट नळाखाली धरलं, पट्टी बांधली आणि ती मेघना सिस्टरांकडे धावली. "ट्रेनिंग झाल्यावर पाठव कॅज्युअल्टीत," त्या म्हणाल्या होत्या. "आज हॉल भरलेला दिसला पाहिजे. आणि ग्लोव्हज नसतीलच घातले."

आता पडद्यावर ठळक अक्षरं होती : एचआयव्ही टाळण्यासाठी पहिली गोळी, शक्यतो दोन तासांच्या आत. नम्रताने घड्याळ पाहिलं. दोन तास होत आले होते. तिचं डोकं तापलं.

"तू सिस्टर हो," मॅडमनी नेमकं तिलाच पुढे बोलावलं. "विचार मावशींना."

"मावशी, ग्लोव्हज घातले होते?"

पुढे आलेल्या राधाबाईंनी एप्रनच्या खिशातून गाठ मारलेली प्लास्टिकची पिशवी काढून टेबलावर ठेवली. आत एक ग्लोव्ह होता. त्याच्या एका बोटात रक्त सुकलं होतं.

"ठेवलाय गो," त्या म्हणाल्या. "तोंडी कोण खरं मानतंय?"

"काय तयारीने आल्यात बघा," मॅडम खूश झाल्या. "अगदी खरं वाटतंय."

टाळ्या पडल्या. मेघना सिस्टरही वाजवत होत्या, पिशवीकडे न बघता.

"आता सिस्टर काय म्हणेल?"

"म्हणाल्या. सकाळीच म्हणाल्या," नम्रताने मेघना सिस्टरांकडे बोट केलं. "आधी ट्रेनिंगला बसा, गोळीचं नंतर बघू."

टाळ्या एकेक करून थांबल्या. मॅडम पडद्याकडे पाहत राहिल्या, मग राधाबाईंच्या पट्टीकडे. नम्रताने राधाबाईंचं मनगट धरलं.

"नम्रता, जागेवर बस," मेघना सिस्टर दबक्या आवाजात म्हणाल्या. "फोटो व्हायचाय."

"काढा ना. माझी खुर्ची रिकामी दिसू दे त्यात."

दोघी दारापाशी पोचल्या, तेव्हा मागे फोटोवाला म्हणत होता, "टेबलावरची ती पिशवी जरा उचला कुणीतरी."

नम्रताने वळून पाहिलं. पुढच्या रांगांतल्या कुणीच पिशवीला हात लावला नाही. सगळे मान वळवून मागच्या भिंतीकडे बघत होते.

भिंतीजवळची एकही मावशी हलली नाही.