वडील म्हणून

भौतिकशास्त्रातला मोठा पुरस्कार जाहीर झाला आणि दुसऱ्याच दिवशी प्राध्यापकांच्या घरी टीव्हीवाले हजर झाले. कृष्णविवरांबद्दल विचारून झाल्यावर मुलाखत घेणाऱ्या बाईंनी माईक शेजारी बसलेल्या मुलीकडे वळवला. "आणि वडील म्हणून सर कसे होते?"

मुलगी माईककडे झुकली. मग म्हणाली, "मी सायकल शिकत होते ना, तेव्हा बाबा सीट धरून मागे धावायचे. मी पडले की म्हणायचे, आधी सायकलला काही लागलं नाही ना बघ, मग रड. मला रडता रडता हसू फुटायचं."

सगळे हसले. प्राध्यापकांना यातलं काहीच आठवत नव्हतं, पण वयाचा दोष समजून त्यांनीही मान डोलावली. वर "फार पडायची हो ही," अशी पुस्तीही जोडली.

मंडळी गेल्यावर मुलगी चहाचे कप आवरू लागली. प्राध्यापक अजून खुशीत होते. "डोक्यातून पार गेलं होतं गं माझ्या. कुठे शिकवली मी तुला सायकल?"

"मामाने शिकवली, बाबा. तुम्ही तेव्हा परिषदेला गेला होतात."

प्राध्यापकांचे कान तापले. पुढचं विचारताना त्यांना तिच्याकडे बघवेना. "मग माझं नाव कशाला घेतलंस?"

तिने हातातले कप खाली ठेवले.

"त्यांनी तुमच्याबद्दल विचारलं होतं ना. तुमचं सांगण्यासारखं काही आठवेचना."