स्वहस्ते अर्ज

परळच्या कॉलेजात अपेक्षाचा अर्ज निकाली निघाला. पण फक्त शिक्क्यापुरता.

अपेक्षाला दिसत नाही. फोन तिला वाचून दाखवतो. इतिहासाचा पेपर परवावर आलेला, आणि कॉलेजच्या नव्या डिजिटल नोट्स उघडल्या की फोन एवढंच म्हणे, "चित्र एक. चित्र दोन." त्रेसष्ट पानं, अक्षर एक नाही. ती तक्रार घेऊन तडक ऑफिसात गेली.

तिथले कारकून सावंत दुखावले. "अगो, एकेका पानाचा फोटो मी स्वतः काढलाय, लख्ख उजेडात!"

"काका, माझा फोन फोटो वाचत नाही. टाईप केलेली फाईल द्या ना."

"मग तसा अर्ज दे. स्वहस्ते लिहिलेला. टाईप केलेला चालत नाही."

तिने बॅगेतून ब्रेलची पाटी काढली आणि तिथेच टोचून टोचून अर्ज लिहिला. सावंतांनी कागद उजेडात धरला. "शाई कुठाय गो? आणि कागदाला घामोळं कसलं आलंय?" मग नियमाप्रमाणे त्याचाही लख्ख फोटो काढला आणि वर 'निकाली'चा शिक्का हाणला.



अर्जात लिहिलं होतं: "महोदय, फाईल परवाच्या आत मिळावी. ते शक्य नसल्यास निदान हा अर्ज वाचावा, ही नम्र विनंती."