नाताळातली पिल्लं

बिभीषणने पाखरू अलगद मुठीत धरलं आणि पत्र्याच्या शेडबाहेर उजेडात नेलं. नर होता. अंगानं बेंगाली फिंच या पिंजऱ्यात पाळायच्या पाखरासारखा तपकिरी, पण गालावर झेब्रा फिंचची फिकट नारिंगी झाक. खरं तर तपासायची गरजच नव्हती. हे पाखरू त्यानं ओळखलं होतं.

यशया सर बाजेवर बसले होते. नगरच्या शाळेतून निवृत्त झालेले सर सुप्याला त्याच्याकडे पहिल्यांदाच आले होते. फिंचवाले म्हणून तुमचं नाव ऐकलं होतं, एवढंच म्हणाले. त्यांची बायको दया गेल्या वर्षी पावसाळ्यात वारली. तेव्हापासून घरातल्या जोडीला पिल्लंच झाली नव्हती. मादी इमानानं बसायची, नर खोप्याशी गायचा, आणि अंडी सगळी वांझ निघायची.

"ती होती तोवर दरवर्षी पिल्लं झाली," सर म्हणाले. "ती गेली आणि थांबलं."

मग ते आठवणीत रमले. नाताळाच्या सुमारास पिल्लं खोप्याबाहेर यायची. गल्लीतली पोरं गोळा व्हायची. केक कापायच्या आधी दया सगळ्यांना पिंजऱ्यापाशी न्यायची आणि सर नराकडे बोट दाखवून म्हणायचे, बघा, आमचा पठ्ठ्या बाप झाला. दया तोंडाला पदर लावून हसायची. पोरं गेल्यावरही दोघं तिथंच खुर्च्या टाकून बसायचे, चहा निवून जाईपर्यंत. एवढं सांगताना सरांचा आवाज मऊ झाला.

बिभीषण खाली मान घालून ऐकत होता. तो नर झेब्रा आणि बेंगालीचा क्रॉस होता. असला नर गातो, मादीपुढं नाचतो, खोपा लावतो. बाप मात्र होत नाही. हे त्यानं फार पूर्वी एकदा सांगितलं होतं, ते सरांना नव्हे, दयाबाईंना. पहिली अंडी वाया गेल्यावर त्या सरांच्या नकळत हेच पाखरू घेऊन एसटीनं आल्या होत्या. याच बाजेवर बसल्या होत्या.

 ऐकून त्यांनी विचारलं, दुसऱ्या जोडीची अंडी खाली ठेवली तर माझी मादी उबवील का? बेंगाली मादी कुणाचीही अंडी उबवते, असं तो म्हणाला. तेव्हापासून थंडी पडायला लागली की त्या बहिणीला भेटायला म्हणून सुप्याला येत, त्याच्या बायकोच्या, सुरेखाच्या हातचा चहा घेत आणि त्याच्या जोड्यांची ताजी अंडी कापसाच्या डबीत घालून घरी नेत.

"त्या पाखरावर यांचा फार जीव आहे," त्या म्हणाल्या होत्या. "त्यांना कधी कळता कामा नये. मला शब्द द्या."

त्यानं शब्द दिला होता.

आता त्या नव्हत्या, आणि सर उत्तराची वाट बघत होते. खरं सांगावं तर या माणसाचे इतके सगळे नाताळ एका वाक्यात पुसले जाणार होते. न सांगावं तर ते दर खेपेला आशेनं खोप्यात डोकावत राहणार होते. बिभीषणने पाखराच्या पाठीवरून अंगठा फिरवला.

"सर, वय झालंय त्याचं," अखेर तो म्हणाला. "पयल्यावानी जोम न्हाई राहिला. आता नगा आस धरू."

"आणि आधीची पिल्लं?"

"ती याचीच की. दुसऱ्या कुनाची असनार?"

सर त्याच्याकडे बघत राहिले. बिभीषणने नजर चुकवली, पाखरू पिंजऱ्यात सोडलं आणि उगाचच दाराची कडी पुन्हा पुन्हा चाचपली.

सर उठले, जवळ आले आणि त्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. त्यांचे डोळे भरून आले होते.

"मादीनं कालच पुन्हा अंडी घातलीत," ते म्हणाले. "नाताळ जवळ आलाय. दया इथून अंडी न्यायची तेव्हा डबीत कापूस नुसता खाली घालायची, की वरूनही?"