रिकाम्या ओळी

"बघा, पुन्हा तेच!" मुलीनं लॅपटॉप बाबांकडे वळवला. भजनाची एक ओळ, मग बोटभर पांढरं, मग पुढची ओळ, पुन्हा पांढरं.

सभागृहामागच्या खोलीत बाबा चष्मा सावरून वाकले. आजारपणापासून शब्द त्यांच्या ध्यानात राहत नव्हते आणि कागदावरचं बारीक अक्षर दिसत नव्हतं. आज पहिल्यांदाच ते पडद्यावरची मोठाली अक्षरं बघून गाणार होते. जिथे ओळ मोकळी, तिथे श्वास घ्यायचा. जेवढं मोकळं, तेवढं थांबायचं, असं बापलेकीचं ठरलं होतं.

"एवढा थांबलो," बाबा म्हणाले, "तर लोक म्हणतील, म्हातारा झोपला."

मुलीनं पडद्यावरच्या पानासाठी संगणकात एक साचा केला होता. गाण्यांच्या साठ्यातून एकेक ओळ उचलून तो पानावर मांडायचा. 'पुढची ओळ घे' ही त्यातली आज्ञा पानावर दिसत नसे. पण साच्यात त्या आज्ञेनं अडवलेली जागा मात्र रिकामी ओळ होऊन पानावर उतरे. आज्ञेच्या कंसाला एक आडवी रेघ जोडली की ती जागा पुसली जाते, हे मुलीला ठाऊक होतं. तिनं चिडून सगळीकडे रेघा जोडल्या.

सुक्याबरोबर ओलंही जळलं. बाबांनी मागितलेल्या मोकळ्या ओळीही गेल्या. सराव म्हणून समोर दिसेल तसं बाबा गात गेले आणि कडवं संपेपर्यंत कुठे थांबलेच नाहीत. चेहरा लाल झाला. छातीवर हात ठेवून ते खुर्चीत टेकले.

आई पाण्याचं भांडं घेऊन धावली. "देवाचं नाव आहे ते, धापा टाकत घ्यायचं का? आणि तू गं, एवढी शिकलीस, रिकामी जागा आवरेना तुला?"

"भरलेली आवरते गं. रिकामीच ऐकत नाही."

"मग हातानं लिही ना! एकच तर भजन आहे."

"हातानं लिहायचं तर साचा कशाला केला? एका रेघेचा प्रश्न आहे, आई. इकडची काढते, तिकडची ठेवते."

तिनं इकडची काढली. पहिलं कडवं सुधारलं, दुसऱ्यातल्या ओळी एकमेकींना चिकटल्या. तिकडची काढली, चिकटलेल्या सुटल्या आणि कडव्याच्या डोक्यावर पुन्हा पांढरं पसरलं. तिनं टेबलावर मूठ आपटली.

दारातून संयोजकांनी डोकं आत घातलं. "दादा, लोक बसलेत. पेटीवालेही बसले."

"आलोच." बाबा मुलीकडे वळले. "बाळा, त्या साच्याशी उद्या भांड. सगळ्या ओळी सलग घे पडद्यावर. जाण्याआधी एकदा इथेच मी वाचत गातो. मी थांबलो की तू जागा सोड."

ओठ चावून तिनं साचा बंद केला. कोऱ्या पानावर भजन सलग उतरवलं आणि बटणावर बोट ठेवून बसली.

पहिली ओळ झाली. श्वास. तिनं बटण दाबलं. पुढच्या ओळी एक घर खाली सरकल्या. दुसरी ओळ. श्वास. बटण. साच्याला दुपारभर जमलं नाही ते बोटाला सहज जमत होतं, आणि त्याचाच तिला संताप येत होता.

तिसऱ्या ओळीनंतर बाबा थांबले. तिनं बटण दाबलं. बाबा थांबलेलेच होते. तिनं पुन्हा दाबलं. त्यांचं तोंड उघडं होतं, मान किंचित वर झाली होती. एक हात 'जरा थांब' म्हणत उचललेला.

"अहो?" आई म्हणाली.

"श्वास येतोय," बाबा पुटपुटले. "येतोय."

बाहेर सभागृहात ताटकळलेल्या लोकांच्या टाळ्या सुरू झाल्या. मुलगी बटण दाबत राहिली. उरलेलं भजन ओळीओळीनं खाली सरकत पडद्याबाहेर गेलं.